रिओखाची वाइन आणि भाजलेलं खोबरं

स्पेनमधल्या रिओखा प्रांताच्या जुन्या वळणाच्या रेड वाइनला खोबऱ्याचा वास येतो. सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून ज्योतीवर भाजताना, कडा काळ्या पडायच्या जरा आधी जो तेलकट, गोडसर वास सुटतो, अगदी तो. वाइनवर लिहिणारे युरोपातले लोक त्याची नोंद करतात आणि लगेच व्हॅनिलाकडे वळतात, कारण त्यांच्या घरी खोबरं केकमध्ये पडतं. आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या घरी खोबरं भाजतात ते मटणासाठी. कांदा निखाऱ्यात, खोबरं ज्योतीवर, मग धणे, तीळ, लवंग, दगडफूल, आणि सगळं पाट्यावर. त्यामुळे स्पेनमधल्या आरो गावात तो पेला नाकाशी धरला तेव्हा मला आधी सडकून भूक लागली.

ही वाइन जेवणाची आहे. नुसती घोट घोट पीत बसलं तर तिचं निम्मं अंग कळतच नाही. आणि तिचं आपल्या जेवणाशीही फार छान जमतं. फक्त आपण सहसा ज्या पदार्थांसमोर ती उघडतो, त्यांच्याशी जमत नाही. गेली काही वर्षं मी हे घरी, गावी, मित्रमंडळींकडे करून पाहते आहे आणि आता त्याबद्दल लिहावंसं वाटतं.

खोबऱ्याचा तो वास द्राक्षांतून येत नाही, पिंपातून येतो. अमेरिकेत वाढणाऱ्या पांढऱ्या ओकच्या लाकडात लॅक्टोन कुळातली द्रव्यं भरपूर असतात, आणि नारळाच्या वासामागेही त्याच कुळातली भावंडं आहेत. शिवाय त्या लाकडात युजेनॉल असतं, लवंगेला लवंगेचा वास देणारं. पिंप बांधताना फळ्या वाकाव्यात म्हणून कारागीर आत विस्तव पेटवतो; लाकूड आतून खरपूस भाजलं जातं, आणि त्यातून व्हॅनिलाचा आणि धुराचा वास तयार होतो. म्हणजे भाजलेलं खोबरं, लवंग, किंचित धूर. आमच्या वाटणातला निम्मा ऐवज त्या पिंपात आधीच बसलेला असतो!

अमेरिकेचं लाकूड स्पेनच्या डोंगराआड पोचलं, कारण स्पेनची जहाजं शतकानुशतकं अटलांटिक ओलांडत होती. शिवाय अमेरिकन ओक करवतीने कापता येतो. फ्रेंच ओक त्याच्या धाग्याच्या रेषेनेच फोडावा लागतो, नाहीतर पिंप गळतं; त्यामुळे लाकूड वाया जातं आणि किंमत चढते. पिंपात वाइन मुरवण्याची रीत मात्र फ्रान्समधल्या बोर्दोची. ती इथे पहिल्यांदा आणली मान्वेल किंतानो नावाच्या लाबास्तिदा गावच्या धर्मगुरूंनी, १८व्या शतकाच्या अखेरीस. त्यांची वाइन क्यूबापर्यंतचा समुद्रप्रवास करून न बिघडता पोचली. पण तिथला नियम असा, की गावातल्या सगळ्यांच्या वाइनला एकच भाव. पिंपांचा खर्च करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला सारखेच पैसे. तो प्रयोग तिथेच थांबला. कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पुढे १९व्या शतकाच्या मध्यावर मुर्रिएता आणि रिस्काल या दोन मार्केसांनी, म्हणजे उमरावांनी, तीच रीत पुन्हा आणली आणि ती रुजली. तेवढ्यात फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा आला. माव्याच्या जातकुळीतली ही बारीक कीड द्राक्षवेलीच्या मुळांवर जगते आणि वेल आतून मारते. १८६०च्या दशकापासून फ्रान्सच्या बागा उजाड होत गेल्या, आणि बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत पिरेनीज ओलांडून एब्रो नदीच्या खोऱ्यात आले. आरोमध्ये रेल्वे आली होती १८६३ साली. पिंपं थेट वाघिणीत चढवता यावीत म्हणून एकापाठोपाठ एक बोदेगा, म्हणजे वाइनचे कारखाने, स्टेशनला लागूनच उभ्या राहिल्या: लोपेस दे एरेदिया १८७७ साली, कूने १८७९ साली, ला रिओखा आल्ता १८९० साली. त्या अजूनही तिथेच आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना, पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरात. शतक सरता सरता कीड रिओखातही पोचली, पण तोवर उपाय सापडला होता. अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाच्या मुळांना ती कीड मारू शकत नाही, म्हणून कलम करायचं: खुंट अमेरिकन आणि वर डोळा युरोपचा. आमच्या बागेतल्या थॉमसन जातीच्या द्राक्षाखालीसुद्धा अमेरिकन वंशाचाच डॉगरिज खुंट आहे. आपल्याकडे तो आला खारं पाणी आणि दुष्काळ सोसण्यासाठी.

मी गेले ऑक्टोबरच्या शेवटी. द्राक्षं उतरवून झाली होती आणि पानं तांबूस पडत होती. उत्तरेला सिएर्रा दे कान्ताब्रियाची राखाडी भिंत उभी असते. अटलांटिकचे ढग तिच्या माथ्यावर येऊन अडतात आणि अलीकडे ऊन पडलेलं असतं. जुन्या बागांत तारा नाहीत, मांडव नाही. वेल जमिनीलगत बुटकी, एकटी, हातभर उंचीवर फांद्या पसरून उभी. थंडीत ती झोपते, बर्फही झेलते. आमच्याकडे वेलीला झोप नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावून तिला वर्षाचं भान द्यावं लागतं. ज्या दिवसांत दादा गोडी छाटणीच्या मजुरांमागे धावत होता, त्याच दिवसांत इथले शेतकरी बागेकडे पाठ फिरवून निवांत जेवायला बसले होते. रेड द्राक्षांसाठी इथे हेक्टरी ६,५०० किलोंची मर्यादा आहे. त्यावरचा माल रिओखाच्या नावाने विकता येत नाही. दादाला फोनवर हा इतका कमी आकडा सांगितला तेव्हा तो काही वेळ बोललाच नाही.

लोपेस दे एरेदियाच्या तळघरात जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या उतराव्या लागतात. खाली ओलसर गारवा, भिंतींवर काळी बुरशी, आणि बाटल्यांच्या राशींवर कोळ्यांची जाळी पडद्यासारखी लोंबत असतात. ती मुद्दाम राखलेली आहेत, कारण बुचं पोखरणाऱ्या पतंगांना कोळी खातात. पिंपं तिथेच बांधतात, तिथेच दुरुस्त करतात. त्यांची तोंदोनिया नावाची रेझेर्व्हा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली वाइन, सहा वर्षं पिंपात राहते. कायद्याने रेझेर्व्हाला एकूण तीनच वर्षं लागतात आणि त्यातलं एक लाकडात असलं तरी पुरतं. हे लोक आपल्या समजुतीने थांबतात. मुरण्याच्या त्या काळात साका खाली बसतो, म्हणून वाइन अधूनमधून एका पिंपातून दुसऱ्यात ओततात, आणि शेवटी अंड्याच्या पांढऱ्याने निवळतात. पांढऱ्यातली प्रथिनं जास्तीच्या टॅनिनला, म्हणजे वाइनला तुरट करणाऱ्या द्रव्याला, धरून तळाशी नेतात. हे लक्षात ठेवा. मटणाच्या वेळी पुन्हा लागेल.

खोबऱ्याचा वास मला सगळ्यात स्पष्ट सापडला तो ला रिओखा आल्ताच्या व्हिन्या आर्दान्सामध्ये. यात दोन जातींची द्राक्षं असतात, सुमारे चार भाग टेंप्रानिल्यो आणि एक भाग गार्नाचा. टेंप्रानिल्यो हे रिओखाचं मुख्य द्राक्ष, जाड सालीचं आणि लवकर पिकणारं. पण एकट्या टेंप्रानिल्योला पुरेसं भरलेपण येत नाही. ते गार्नाचातून येतं, आणि त्यासाठीचा गार्नाचा पूर्वेकडच्या तुदेलिया गावच्या गोट्यागोट्यांच्या रानातून आणतात. अमेरिकन ओकची पिंपं ही बोदेगा स्वतः बनवते आणि वाइन त्यांत तीन वर्षांच्या आसपास राहते.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला की रंग वाचता येतो. मध्ये माणकासारखा लाल, आणि कडेला, जिथे वाइनचा थर पातळ होतो तिथे, कौलाचा विटकरी. तो विटकरी म्हणजे वय. नवीन वाइनची कड जांभळट असते. मग पेला न हलवता एकदा वास घ्यायचा, कारण सगळ्यात हलके वास आधी उडून जातात: सुकी चेरी, थोडं चामडं, संत्र्याची साल. हलवल्यावर खालून लाकूड वर आलं. खोबरं, लवंग, तंबाखूच्या कोरड्या पानाचा वास. पहिला घोट तोंडात सगळीकडे फिरवला. आंबटपणा मला वाटला होता त्यापेक्षा जास्त, लाळ सोडवणारा. आणि मागून तुरटपणा, पण मऊ, जिभेच्या कडा हलकेच आवळणारा. गिळल्यावर बराच वेळ तो खरपूस गोडवा घशात राहिला. साखर त्यात जवळजवळ नसतेच, तरी गोड वाटतं, कारण व्हॅनिला आणि खोबरं म्हटलं की नाक आपोआप गोडाची वाट पाहतं.

इतकं सगळं असूनही पेल्यात काहीतरी अर्धवट वाटत होतं. ते पूर्ण झालं दुसऱ्या दिवशी, ब्रिओनेसजवळच्या एका खानावळीत.

हिवाळ्यात वेली छाटल्या की काड्यांच्या मोळ्या बांधून कोरड्या जागी ठेवायच्या, ही रिओखाची जुनी सवय. त्या काड्या भरभर पेटतात, उंच ज्वाळा होतात, आणि थोड्याच वेळात खाली बारीक, कडक निखारा उरतो. त्यावर जाळी ठेवून कोवळ्या कोकराच्या बोटभर चापा, म्हणजे हाडासकट बरगडीचे तुकडे, भाजतात. मीठ सोडून त्यावर काहीही नाही. मसाला नाही, लिंबू नाही, तेलही नाही. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर पुन्हा मांसाला लागतो. ताट समोर आलं की हाडाला धरून हाताने खायचं, आणि मग घोट.

काय झालं ते सांगते. आदल्या दिवशी जो तुरटपणा जिभेला आवळत होता, तो जाणवेनासा झाला, आणि त्याच्या मागे दडलेलं फळ पुढे आलं. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. समोर मांस आलं की टॅनिनला धरायला प्रथिनं आणि चरबी ताटातच मिळतात. अंड्याच्या पांढऱ्याने तळघरात जे केलं, तेच काम चाप तोंडात करते. मीठ कडवटपणा दाबतं. वाइनचा आंबटपणा चरबीचा थर जिभेवरून धुऊन काढतो, म्हणून पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. आणि धूर! भाजलेल्या पिंपात जी धुराची द्रव्यं उतरतात, त्यांतलीच काही त्या काड्यांच्या धुरातही असतात. वेलीचं फळ पेल्यात, वेलीचं लाकूड चुलीत. इतकं साधं, इतकं नेमकं जुळलेलं जेवण मी फार कमी वेळा जेवले आहे.

रिओखातल्या लोग्रोन्यो शहराच्या लाउरेल गल्लीतही तेच, फक्त उभ्याने. एकेका बारचा एकेकच पदार्थ. एका ठिकाणी तव्यावर लसणाच्या तेलात शिजणारे मश्रूम, एकावर एक रचून वर छोटी कोळंबी. दुसरीकडे नुसती भाजलेली लाल पिकियो मिरची. या मिरच्या तिखट नसतात. मिरची कोलंबसानंतर अमेरिकेतून स्पेनमध्ये आली, तशीच पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरली. तिकडे तिच्या गोड, मांसल जाती रुजल्या, भाजून-वाळवून त्यांचा रंग आणि धूर वापरला गेला. आपण तिचा तिखटपणा धरला. रिओखाच्या बटाट्याच्या रश्श्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आणि वाळवलेली मिरची असते, ताट लालभडक दिसतं, आणि जीभ मात्र शांत राहते. त्या लाल रंगावर विसंबून तिथली वाइन आपल्या तांबड्या रश्श्यासमोर ठेवली, की सगळं बिनसतं.

त्याचं कारण शरीरातच आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या चेतातंतूंना चेतवतं ते मुळात उष्णता ओळखण्यासाठी आहेत. अल्कोहोल त्यांचा उंबरठा खाली आणतं, म्हणजे साध्या तापमानालाही ते चटका लागल्याचा निरोप देतात. वर टॅनिनने लाळ कमी केलेली असते. तिखट दुप्पट, तुरट दुप्पट, आणि फळाचा पत्ता नाही. झणझणीत मिसळ, कोल्हापुरी मटण, ठेचा यांच्याबरोबर रिओखाची रेझेर्व्हा उघडणं हा त्या बाटलीवर आणि त्या रश्श्यावर, दोन्हींवर अन्याय आहे.

माशांशीही जपून. रेड वाइनमध्ये थोडं लोह असतं आणि ते माशाच्या तेलाशी गाठ पडली की तोंडात जुन्या नाण्यासारखी धातूची चव आणतं. बांगडा, तारली यांच्याबरोबर तर फारच. रिओखात कॉड मासा टोमॅटो-मिरचीत शिजवून रेडबरोबर खातात, पण कॉडच्या मांसात तेल अगदी कमी असतं. आणि गोव्याचं चोरिस? माडाचं व्हिनेगर आणि तिखट, दोन्ही जोरात. त्याला पिंपात न गेलेली, वर्ष-दोन वर्षांची गार्नाचा द्यावी आणि ती चांगली थंड करून. लाकूड तिथे नको.

मग आपल्या ताटात हिची जागा कुठे? तर जिथे खोबरं भाजलं जातं तिथे.

गावी गेले तेव्हा वहिनीला म्हटलं, मटण सुकं कर, वाटण नेहमीचंच, पण मिरची काढून टाक. वहिनी म्हणाली, “ताई, अहो मिरचीशिवाय मटण? आजाऱ्याचं लागंल.” शेवटी रंगापुरत्या बेडगी मिरच्यांवर तडजोड झाली, बिया काढून. कांदा आणि खोबरं मात्र तिने चुलीत काळंशार भाजलं, दगडफूल आणि लवंग एरवीपेक्षा सढळ हाताने घातली, आणि रस्सा न ठेवता सगळं अंगासरशी आटवलं. मिठाचं प्रमाण एक चिमूट वर. बाटली मी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली होती. हे आपल्याकडे विसरून चालत नाही. ही वाइन सोळा ते अठरा अंशांवर प्यायची असते, आणि आपल्या घरातल्या हवेत ती नुसती दारूसारखी चढते, वास हरवतात.

पहिला घास भाकरीबरोबर, मग घोट. वाटणातलं खोबरं आणि पिंपातलं खोबरं एकमेकांत असं मिसळलं, की कुठलं कुठे संपतं ते सांगता येईना. लवंगेचंही तेच. वहिनी वाइन पीत नाही, पण तिने पेला हातात घेऊन बराच वेळ वास घेतला आणि म्हणाली, “ह्यात कोणी खोबरं घातलंय?” तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मला तेव्हा झालेला आनंद अजून तसाच ताजा आहे.

तरीही माझी पहिली पसंती मटणाला नाही. ती भरल्या वांग्यांना. काटेरी, लहान वांगी, आत दाण्याचं कूट, तीळ, भाजलं खोबरं आणि गोडा मसाला, तेल हात न आखडता. फक्त गूळ वगळायचा आणि चिंच जेमतेम. पदार्थ गोड असला की वाइन कडू आणि रोडावलेली लागते, आणि फार आंबट असला की तिचा स्वतःचा आंबटपणा नाहीसा होऊन ती मुळमुळीत होते. दाण्याची आणि तिळाची चरबी टॅनिनला पुरून उरते, आणि वांग्याचा मातकटपणा टेंप्रानिल्योला फार मानवतो. यासाठी रेझेर्व्हाही लागत नाही, क्रिआन्सा पुरते: एकूण दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक पिंपात. बाटलीच्या मागे नियामक मंडळाचा छोटा छापील शिक्का असतो, त्यावर हे लिहिलेलं असतं. आयात शुल्कामुळे आपल्याकडे या बाटल्या स्वस्त नाहीत, म्हणून शिक्का वाचूनच पैसे द्यावेत. नाशिककडेही टेंप्रानिल्यो लावला गेला आहे आणि त्याची वाइनही निघाली आहे; ती अधिक पिकल्या, उबदार फळाची लागते, वांग्यांबरोबर तीही शोभते.

काड्यांचा विषय मीच काढला. खरड छाटणीला इतक्या काड्या निघतात, त्यांवर चापा भाजू या म्हटलं, तर दादा ठामपणे नाही म्हणाला. “अगं, वर्षभर फवारण्या खाल्लेलं लाकूड ते. त्याच्या धुरात मटण भाजून पोरांना देणारेस?” त्याचं बरोबर होतं. मग त्यानेच आठवण केली अंगणातल्या जुन्या वेलीची, जी फक्त सावलीसाठी मांडवावर सोडलेली आहे आणि जिला कधी औषध लागलेलं नाही. तिच्या काड्या त्याने कापून पत्र्याखाली वाळवल्या. बोकडाच्या चापांना कोकराइतकी चरबी नसते, म्हणून मी त्यांना तूप चोळलं आणि जाडं मीठ लावलं. काड्या अगदी तशाच भरभर पेटल्या.

दादा मोजकंच पितो. त्याने एक चाप संपवली, एक घोट घेतला, दुसरी चाप उचलली, आणि विचारलं, “तिकडं खुंट कोणता असतो गं?”

मी म्हटलं, बऱ्याच ठिकाणी एकशे दहा आर.

“हां,” तो म्हणाला, “मग नव्या प्लॉटला मी तोच लावलाय,” आणि त्याने पेला पुढे केला.